आप्पा पिक्चरमधलं कापड बघतात

"हा माणूस दुसरा हाय ग," आप्पा म्हणाले.

टीव्हीवर 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' लावला होता, १९५९ चा ब्लॅक अँड व्हाइट इंग्लिश पिक्चर, जगातला सगळ्यात वाईट सायन्स फिक्शन पिक्चर कुठला म्हटलं की पहिलं नाव याचंच निघतं. काळा झगा घातलेला एक माणूस चालत येत होता आणि त्यानं झग्याची कड हातानं उचलून नाकापर्यंत धरली होती, नुसते डोळे दिसत होते. आप्पांना इंग्लिश येत नाही, गोष्ट मी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी त्यांना नीट ऐकू गेली नसती. तरी त्यांनी बरोबर पकडलं. कशावरून म्हणता असं विचारलं तर म्हणाले, "मगाच्याच्या अंगावर कापड पडत होतं तसं ह्याच्या अंगावर पडंना. खांदे बग की. ह्यो उंच हाय."

आणि ते अगदी खरं आहे. मगाचा माणूस म्हणजे बेला लुगोसी, ड्रॅक्युलाच्या कामानं जगभर गाजलेला नट. दिग्दर्शक एड वूडनं त्याचं थोडंसं मुकं शूटिंग करून ठेवलं होतं आणि ऑगस्ट १९५६ मध्ये लुगोसी वारला. मग वूडनं त्या तेवढ्याशा तुकड्यांभोवती अख्खा पिक्चर उभा केला आणि उरलेल्या सीनमध्ये आपल्या बायकोच्या मणक्याच्या डॉक्टरला उभं केलं, तोंडावर झगा ओढून. हा किस्सा सिनेमावाले लोक कितीतरी वर्षं एकमेकांना सांगतायत, आप्पांनी तो झग्याच्या चुण्यांवरून ओळखला.

हे २०२० च्या एप्रिलमधलं आहे, लॉकडाऊनमधलं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, अशोक चौकाच्या मागं, आणि ज्यांनी पूर्व भाग बघितलाय त्यांना माहीत असेल की इथं शांतता नावाची गोष्ट नसते, गल्लीगल्लीत यंत्रमागाचे कारखाने, सकाळी सुरू झालेला मागांचा खटखटाट रात्रीपर्यंत चालतो आणि तो एवढा अंगवळणी पडलेला असतो की पाहुणे आले की त्यांना झोप लागत नाही आणि आम्ही गावाला गेलो की आम्हाला लागत नाही. तो आवाज मार्चच्या शेवटी एका दिवसात बंद झाला. मला आजवर कुठल्याच पिक्चरमध्ये जग संपल्याचा सीन इतका खरा वाटला नाही जितकी ती पहिली सकाळ वाटली. आई दारात उभी राहून म्हणाली, कान बसल्यासारखं वाटलालंय. आप्पांना मात्र काही फरक जाणवला नाही, कारण त्यांचे कान मागांनी केव्हाच घेतलेत. ३८ वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाशी बोलायचं तर समोर उभं राहून ओठ स्पष्ट हलवावे लागतात, आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे असेच आहेत, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बोलतात.

तर घरात बसून करायचं काय म्हणून मी ठरवलं की जगातले सगळ्यात वाईट म्हणून बदनाम झालेले सायन्स फिक्शन पिक्चर आणि सिरीयल एकेक करून बघायचे. मला सायन्स फिक्शन मनापासून आवडतं, लहानपणापासून, आणि एखादी गोष्ट आपल्याला खरंच आवडते तेव्हा ती बिघडते कुठं हेपण कळायला पाहिजे असं मला वाटतं. आईला जशी चुकलेली भाकरी बघून पीठ कसं होतं ते कळतं तसं. आप्पा शेजारी येऊन बसायचे, म्हणायचे, "काय बघलालीस ग?" आणि मग बसूनच राहायचे.

थोडं मागं जाते. आप्पा आधी मागावर होते, नंतर जकार्डची कार्डं पंच करायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सोलापुरी चादरीवर जो मोर किंवा फूल किंवा कमळ असतं ते छापलेलं नसतं, ते विणताना येतं, आणि विणताना कुठला धागा वर उचलायचा हे मागाला कळावं म्हणून पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांना भोकं पाडलेली असतात. एक कार्ड म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. भोक असलं की सुई आत जाते, हूक उचलला जातो, ताण्याचा, म्हणजे उभा, तो धागा वर येतो, भोक नसलं की खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकमेकांना बांधून त्यांची माळ मागाच्या वर फिरत असते. आधी ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचे, मग त्यावरून भोकं. एक भोक चुकलं तर फुलाची पाकळी तुटते, आणि एकदाच नाही, जितक्यांदा ती माळ फिरेल तितक्यांदा त्याच जागी तुटते.

बाद झालेली कार्डं आप्पा घरी आणायचे आणि ती आमची खेळणी. १९९८ मध्ये दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागायची, केतन मेहतांची, मिलिंद सोमण हिरो, काळ २१२३ चा, १२ खतरनाक कैदी तुरुंगातून पळालेले आणि व्योम त्यांना ग्रहाग्रहावर शोधत फिरतोय. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यामुळं ती कॉम्प्युटरवर केलेली यानं आणि ग्रह आम्ही करड्या रंगात बघितले आणि आम्हाला ते पुरेपूर भारी वाटले. एपिसोड संपला की मी आणि दादा माडीवर कार्डं भिंतीला टेकवून ठेवायचो, ते आमचं कंट्रोल पॅनल, भोकात बोट घातलं की यान वळायचं. लाइट गेली की कार्डामागं बॅटरी धरायची, भिंतभर ठिपके पडायचे. आज ती सिरीयल बघताना लोक त्यातल्या ग्राफिक्सला हसतात. मला नाही हसू येत. १९९८ मध्ये आपल्याकडं कुणीतरी बसून १२५ वर्षांनंतरचं हिंदीतून विचारात घेतलं आणि ते सोलापुरातल्या एका माडीपर्यंत येऊन पोचलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

आणि गड्डा. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांचे, चटयांचे स्टॉल, आणि त्यात एका वर्षी भविष्य सांगणारा रोबोट आलेला. पत्र्याचा, चंदेरी रंग मारलेला, पोटात लाल-हिरवे बल्ब एकापाठोपाठ एक पेटायचे, कानाला हेडफोन लावायचा आणि एक बाई हिंदीतून आपलं नशीब सांगायची. मी श्वास रोखून ऐकलं. आप्पा तेवढ्यात मागं जाऊन बघून आले. काही बोलले नाहीत, घरी येताना एवढंच म्हणाले, "झाळकाम स्वतःच्या हातानं केलंय त्यानं. वायरी नीट बांधल्यात." आत टेप आहे हे त्यांनी मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

त्या रोबोटची आठवण मला 'रोबोट मॉन्स्टर' बघताना आली. १९५३ चा पिक्चर, चार दिवसांत शूटिंग केलेलं, खर्च अंदाजे १६ हजार डॉलर. पृथ्वीवर हल्ला करणारा परग्रहावरचा रोबोट पाहिजे होता पण रोबोटचा पोशाख बनवायला पैसे नव्हते, मग ज्या नटाकडं स्वतःचा गोरिल्लाचा पोशाख होता त्याला घेतलं आणि डोक्यावर पाणबुड्याचं असतं तसलं हेल्मेट चढवलं. हा पिक्चर प्रत्येक वाईट यादीत असतो. आप्पांनी त्या केसाळ पोशाखाकडं बघून विचारलं, "उन्हात शूटिंग केलंय, आतला माणूस किती घामेजला असंल?" मला त्या क्षणापासून राक्षस दिसेनाच, लॉस एंजेलिसच्या उन्हात डोंगर चढणारा एक कष्टाळू माणूस दिसायला लागला. त्या गोष्टीत पृथ्वीवर फक्त आठ माणसं उरलेली असतात आणि ती पडक्या जागेत एक लग्न लावतात. आठ माणसांत लग्न! ज्यानं हे लिहिलं त्याच्या पोटात काहीतरी होतं. हा पिक्चर चांगला नाहीये, मी तसं म्हणतच नाही, पण सगळ्यात वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तसंच १९६७ च्या 'चाँद पर चढाई'चं, दारासिंग अंतराळवीर होऊन चंद्रावर जातो आणि तिथं राक्षसांशी झुंजतो, आणि माणूस खरोखर चंद्रावर उतरला तो १९६९ च्या जुलैमध्ये, म्हणजे दोन वर्षं आधी आपल्याकडच्या लोकांनी पैलवान पाठवून जागा बघून घेतली होती. माझ्या मोठ्या काकांनी तो पिक्चर बघितलेला, अजून सांगताना मांडी थोपटतात.

मग वाईट कुठला?

मला ह्याचं उत्तर 'लव्ह स्टोरी २०५०' नं दिलं. जुलै २००८, माझी पहिली नोकरी लागलेली, पहिल्या पगारातून आईला पिक्चरला नेलं होतं. तिला हिरॉइन आवडायची आणि मला उडत्या गाड्या बघायच्या होत्या, आपल्या मुंबईवरून उडणाऱ्या, न्यूयॉर्कवरून नाही. हॅरी बावेजांचा पिक्चर, हरमन बावेजा, प्रियांका चोप्रा. अर्धा पिक्चर ऑस्ट्रेलियात, हिरॉइन मरते, हिरोच्या मामांनी टाइम मशीन केलेलं असतं, बोमन इराणी, त्यात बसून सगळे २०५० च्या मुंबईत, आणि ती तिथं लाल केसांची मोठी गायिका होऊन जन्मलेली. आणि मुंबई दिसली. काचेचे उंचच उंच टॉवर, हवेत गाड्यांच्या रांगा, बोलणारा टेडी. खूप मेहनत घेतलेली दिसत होती, ते मी नाकारत नाही. मी डोळे फाडून बघत होते आणि हळूहळू मला कसंतरी व्हायला लागलं आणि का ते कळेना. इंटरव्हलनंतर बऱ्याच वेळानं आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्या एवढ्या मोठ्या बिल्डिंगा, पण धुणं वाळत घातलेलं कुठंच दिसंना."

बास, तेच होतं. आई टॉवेलच्या कडा शिवायची घरी, डझनावर पैसे मिळायचे, तिचं लक्ष तिथं जाणारच. त्या मुंबईत धुणं नव्हतं, भाजी विकणारी बाई नव्हती, पाण्याचा टँकर नव्हता, त्या काचा पुसणारं कुणी नव्हतं, पुसणारं मशीनसुद्धा नव्हतं, लोकल नव्हती म्हणजे लोकलमधली माणसं कुठं गेली ते पण नव्हतं. कुणी कामाला जात नव्हतं. कोट्यवधी माणसांचं शहर, आणि ४२ वर्षांनी त्या माणसांचं काय झालं हा प्रश्न बनवणाऱ्यांना पडलाच नव्हता. २०५० साली सोलापूरला चादर कोण विणणार, का कुणीच नाही, मग लोक काय पांघरणार? मी घरी येऊन हा प्रश्न आप्पांना विचारला. ते जेवत होते, शेंगाचटणीत तेल घालत होते, हात थांबला त्यांचा. म्हणाले, "हे दाखवायला पाहिजे होतं की."

तेव्हापासून माझं मोजमाप ठरलंय. सेट पुठ्ठ्याचा असू दे, यान तारेला लटकवलेलं दिसू दे, मला काही वाटत नाही. पण ज्या भविष्यात कुणाचे हात दिसत नाहीत ते भविष्य मला पोकळ वाटतं, आणि ते पोकळ आहे म्हणून राग येतो, कारण भविष्याबद्दल विचार करायची जागा ती एकच असते आणि ती तुम्ही वाया घालवलेली असते. शाळेत असताना नारळीकरांच्या विज्ञानकथा लायब्ररीतून आणून वाचायचे, त्यातली माणसं कुठंतरी नोकरी करायची, मीटिंगला जायची, पेपर वाचायची, आणि त्या साध्या दिवसाच्या मध्येच काहीतरी अचाट येऊन पडायचं, म्हणून ते खरं वाटायचं.

सगळ्यात जास्त जे मला दाखवायचंय ते 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-सिरीयलच्या एका एपिसोडबद्दल आहे. 'स्पॉक्स ब्रेन', २० सप्टेंबर १९६८, तिसऱ्या सीझनचा पहिलाच एपिसोड, त्या सीझनला बजेटही कापलेलं होतं. टीव्हीच्या इतिहासातल्या सगळ्यात फालतू एपिसोडमध्ये त्याची गणना होते आणि गोष्ट ऐकली की कुणालाही तसंच वाटेल, यानात एक बाई येते, सगळ्यांना बेशुद्ध करते आणि यानावरच्या स्पॉक नावाच्या अधिकाऱ्याचा मेंदूच काढून घेऊन जाते, मग डॉक्टर रिमोटसारख्या यंत्रानं बिनमेंदूच्या स्पॉकला चालवत नेतात. मेंदू शोधत सगळे एका बर्फाळ ग्रहावर उतरतात. वर थंडीत पुरुष राहतात, जमिनीखाली बायका.

आप्पा गुडघ्यावर हात ठेवून बघत होते. मी एक अक्षर सांगितलं नव्हतं. अर्ध्या वाटेत म्हणाले, "वरच्यांनी कातडी पांघरल्यात. खालच्यांच्या अंगावर पातळ, अर्ध्या बाह्यांचं. म्हंजे खाली ऊब हाय. ती ऊब कोण देतंय?"

मी टीव्ही पॉज केला. कारण एपिसोडचा गाभाच तो आहे, त्या जमिनीखालच्या वस्तीची हवा, पाणी, ऊब सगळं एक मेंदू चालवतो, आणि त्या बायकांना ते कसं चालतं काहीच माहीत नाही, म्हणून जुना मेंदू थकला की दुसरा चोरून आणायचा आणि यंत्राला जोडायचा. पूर्वी हे कुणीतरी शहाण्या लोकांनी बांधलं होतं, नंतरच्यांना फक्त वापरायचं माहीत. मी आप्पांना समोर बसून सावकाश सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मंग त्या मेंदूला पगार नाही, सुट्टी नाही." मला नाही वाटत ह्याच्यावर अमेरिकेत बसून कुणी ह्याहून चांगलं बोललं असेल. त्या एपिसोडमध्ये बायकांना ज्या प्रकारे अक्कलशून्य दाखवलंय ते मला अजिबात पटत नाही, ते तेव्हाही चूकच होतं, शेवटी डॉक्टर मेंदू परत बसवतात तो सीनही कसातरीच आहे. पण शहराची ऊब कुणाच्या तरी डोक्यावर चालते आणि त्या डोक्याला कुणी विचारत नाही, हे ज्यात आहे ते सगळ्यात वाईट कसं असेल?

उलट 'बॅटलफील्ड अर्थ', २००० सालचा, जॉन ट्रॅव्होल्टाचा. सात कोटी डॉलरच्या पुढं खर्च, वसूल झाले तीन कोटीसुद्धा नाहीत. कॅमेरा जवळजवळ प्रत्येक शॉटला तिरका, मान दुखते बघताना. गोष्ट अशी की साल ३०००, परग्रहावरच्यांनी हजार वर्षांपूर्वी पृथ्वी जिंकलीय, माणसं गुहेत राहायला लागलीत, आणि मग त्या माणसांना हजार वर्षांपूर्वीची लढाऊ विमानं सापडतात आणि ती थोड्या दिवसांत चालवायला शिकून सगळे उडतात. आप्पा कधी कुठल्या पिक्चरवर चिडत नाहीत. त्यावर चिडले. उठून उभेच राहिले. "माग दोन पावसाळे बंद ठेवला तर गंजतोय, पट्टा तुटतोय, उंदीर दोरी खात्यात. हजार वर्षं ठेवलेलं मशीन किल्ली मारली की सुरू? तेल कोण घालत होतं?"

त्यांच्या चिडण्याला कारण होतं आणि ते आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होतं. आमचे धाकटे काका मिलमध्ये होते. नव्वदच्या दशकात त्यांची मिल बंद पडली, आधी तात्पुरती म्हणून, आणि कामगार रोज गेटवर जायचे, कधी ना कधी भोंगा वाजेल म्हणून. काकांनी कित्येक महिने जेवणाचा डबा नेला, गेटवर बसून खाल्ला, परत आले. ते नेहमी म्हणायचे आत मशीनला कुणी तेल घालत नाहीये, उद्या सुरू करायची म्हटली तरी होणार नाही. पुढं सगळं भंगारात गेलं. भविष्य आमच्या गावात असं आलं, उडत्या गाडीतून नाही, बंद गेटमधून. त्यामुळं हजार वर्षं पडून असलेलं मशीन गंजत नाही असं जो पिक्चर सांगतो तो नुसती तांत्रिक चूक करत नाही असं मला वाटतं. त्यानं तेल घालणारा माणूसच पुसून टाकलाय. पैसा सगळ्यात जास्त, आणि तेवढं एक विचारायला कुणी नाही. तर माझ्यापुरता सगळ्यात वाईट हाच, पहिल्या नंबरला, आणि 'लव्ह स्टोरी २०५०' च्या वर एवढ्यासाठी की त्यात निदान मेहनतीनं शहर तरी उभं केलं होतं.

खरं सायन्स कसं असतं ते आम्ही आमच्याच आभाळात बघितलंय. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या हवामान संस्थेनं सोलापुरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, विमानं ढगाच्या तळाशी जाऊन कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडायची. लोक गच्चीवर उभे राहून बघायचे. आप्पांना मी वहीत लिहून समजावलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "आन् ढगच नसला तर?" तर काही नाही, ढग नसेल तर पाऊस नाही, विमान ढग आणून देत नाही, आधीपासून पाणी घेऊन आलेल्या ढगाला ते थोडी मदत करतं. त्यांना ते फार आवडलं. वाईट पिक्चरमध्ये शास्त्रज्ञ बटण दाबतो आणि पाऊस पडतो. इथं एवढं मोठं विमान आणि तरी ढगाची वाट बघावी लागते, आणि मला विचाराल तर ती वाट बघण्यातच खरी गोष्ट आहे.

मी सध्या एमआयडीसीत टॉवेलचं डिझायनिंग करते, कॉम्प्युटरवर. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत, पुठ्ठ्याची कार्डं नाहीत, फाइल पेनड्राइव्हवर नेली की झालं. आप्पांना एक महिना लागायचा ते माझं दोन दिवसांत होतं आणि हे मी त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलत नाही. पण एकदा मी त्यांना सांगितलं की कॉम्प्युटर निघाला तोच मुळात जकार्डच्या कार्डापासून. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकारनं भोकांच्या कार्डांचा माग काढला, ती कल्पना चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी उचलली, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेस नावाच्या बाईनं लिहून ठेवलं की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताचे नमुने विणेल. म्हणजे ज्या वेळी कॉम्प्युटर कुणी बघितलेलाही नव्हता त्या वेळी त्याच्याबद्दल बोलताना तिला माग आठवला. आप्पांनी मला ते वाक्य दोनदा सांगायला लावलं. मग आत गेले आणि कपाटावरून एक कार्डांची माळ काढून आणली.

ती माळ त्यांच्या एका सोबत्याची होती, त्यानं अर्धी पंच केली होती आणि नंतर तो आजारपणात गेला. मालकानं उरलेलं दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरवलं, तर आप्पांनी ती मागून घेतली आणि संध्याकाळी घरी बसून, त्याचा ग्राफ बघून, उरलेली कार्डं पाडली. चादर निघाली. माळ झिजून बाद झाल्यावर आप्पांनी ती घरी आणली. मी हातात घेऊन बघितली तर मला काही फरक दिसेना, पण आप्पांनी बोट ठेवून सांगितलं, इथपर्यंत त्याची, इथून माझी, माझी भोकं जरा उजवीकडं जायची.

त्यामुळं 'प्लॅन नाइन'मध्ये त्या मणक्याच्या डॉक्टरनं झगा तोंडावर धरला तेव्हा आप्पा हसले नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं, मित्र मेला, त्याची थोडीशी फिल्म शिल्लक होती, ती टाकून द्यायला मन होईना म्हणून त्याच्याभोवती हे सगळं रचलं, पैसे नव्हते म्हणून एका चर्चच्या लोकांकडून आणले, त्यांच्यापायी पिक्चरचं नावसुद्धा बदललं. एका सीनमध्ये दिवस आणि लगेच रात्र, विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी पडदा, हे सगळं दिसत होतंच, आप्पांना तर माझ्याआधी दिसलं. ते म्हणाले, "त्याचं अर्धं राहिलं होतं, ह्यानं पुरं केलं. मिळंल ते लावून केलं." आणि मला परत मागं घ्यायला लावून झग्याचा सीन अजून एकदा बघितला.

मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं की खरे अंतराळवीर काय पांघरतात. मी शोधून सांगितलं, तिथं वजन नसतं त्यामुळं चादर अंगावर राहणारच नाही, तरंगत जाईल, म्हणून ते पिशवीत शिरून झोपतात आणि पिशवी भिंतीला बांधलेली असते. आईनं विचारलं धुणं कसं करतात. करतच नाहीत, धुवायची सोयच नाही, कपडे मळले की ते कचऱ्याच्या यानात भरतात आणि ते यान खाली येताना हवेत जळून जातं. आई म्हणाली, "अग बाई, चांगले कपडे?" आणि बराच वेळ हळहळत राहिली.

आप्पा मात्र कामाला लागले. जुन्या कार्डाच्या मागं पेन्सिलीनं चौकोन काढला, चारी कोपऱ्यांना चार नाड्या, मग लांबीच्या बाजूनं अजून चार, मग त्या खोडल्या आणि काठातच विणलेल्या फाशा काढल्या, म्हणजे वेगळं शिवायला नको. मधे मोर. मी म्हटलं मोर कशाला, तर म्हणाले डोळ्यासमोर काय पाहिजे का नको. मग थांबले.

"कापूस चालंल का ग तिथं?"

"का हो?"

"तूस उडंल की. हितं उडतंय ते खाली तरी बसतंय. तिथं खाली कुठलं? फिरतच राहील, नाकात जाईल, मशीनमधी जाईल."

मी वाचलं होतं, तिथं हवेतला असा कचरा जाळ्यांवर येऊन अडकतो आणि तो नियमानं साफ करावा लागतो. सांगितलं.

"कोण साफ करतंय?"

"तेच. अंतराळवीरच. प्रत्येकाची पाळी असते."

"मंग बरोबर हाय," आप्पा म्हणाले, आणि कार्ड उलटं करून पीळ जास्त दिलेल्या सुताचा हिशोब मांडायला लागले.